न जाणाऱ्या मुलीचा एक्स-रे

"पण मी कुठं चाललेच नाही की," मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "वय?"

"बारा पूर्ण," आईनं सांगितलं.

"मग एक्स-रे आहे, लघवीची तपासणी आहे. रक्त नाही." बाईंनी झाकणाची छोटी बाटली पुढे सरकवली. रक्त नाही म्हटल्यावर मुलीचा चेहरा जरा सैल झाला.

पुण्यातल्या एका रुग्णालयाचा तळमजला. एरवी दवाखान्यात माणसाच्या हातात केसपेपर असतो, इथे प्रत्येकाच्या हातात पासपोर्ट. कोणी कण्हत नाही. खोकला आलाच तर माणूस तो दाबतो आणि आजूबाजूला बघतो. परदेशी कायमचं राहायला निघालेल्यांची वैद्यकीय तपासणी इथे होते. आपले फॅमिली डॉक्टर कितीही जुने असले तरी त्यांचा दाखला चालत नाही. त्या त्या देशानं नेमलेल्या डॉक्टरांकडेच जावं लागतं. कॅनडाच्या बाबतीत त्यांना 'पॅनेल फिजिशियन' म्हणतात. हे डॉक्टर तपासतात, निष्कर्ष ई-मेडिकल नावाच्या यंत्रणेत भरतात आणि बाजूला होतात. पास-नापास ठरवणारा अधिकारी वेगळा असतो, आणि तो पुण्यात नसतो.

मुलीची आई पहाटेची एसटी धरून कराडहून स्वारगेटला उतरली होती. (गाव कराड म्हणू या, तेवढं एक मी बदललं आहे.) मुलीचे बाबा वाकडहून आले होते. दोघं दोन बाकांवर. घटस्फोटाला पाच वर्षं झाली. बाबांचं दुसरं लग्न झालं, दोन वर्षांचा मुलगा आहे, आणि ते तिघं कॅनडाला निघाले आहेत. मुलगी निघालेली नाही. तिचा ताबा आईकडे आहे, शाळा कराडला आहे, मैत्रिणी कराडला आहेत. तरी तिला छातीचा फोटो काढायला पुण्याला यावं लागलं, कारण बाबांच्या अर्जात तिच्या नावापुढे 'सोबत येणार का?' या प्रश्नाला 'नाही' लिहिलेलं आहे.

आई पूर्वी या गृहस्थांना 'अहो' म्हणत असेल. आता ती हाकच टाळते. "यांच्या पासपोर्टची झेरॉक्स लागेल का?" हा प्रश्न तिनं काउंटरला विचारला, बघितलं मात्र भिंतीकडे.

प्रवाशाला तपासण्याची पुण्याला सवय आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये साथरोग कायदा आला आणि रेल्वेच्या उतारूंना उतरवून तपासायचा अधिकार सरकारला मिळाला. प्लेगसाठी नेमलेल्या रँड या अधिकाऱ्याच्या सोजिरांनी घराघरांत शिरून जे केलं ते या शहरानं अजून विसरलेलं नाही. पण तेव्हाही जो गाडीत बसला त्यालाच फलाटावर उभं करत. जो गाडीत बसणारच नाही त्याला प्रवासी म्हणून तपासणं ही नव्या काळाची गोष्ट आहे.

नियम समजून घ्यायला सोपा आहे, पचायला अवघड. कॅनडाचा स्थलांतर आणि निर्वासित संरक्षण कायदा २००२ साली अमलात आला. त्याच्या नियमावलीत कलम ११७ (९) (डी) आहे. त्याचा अर्थ असा: तुम्ही कायमचे रहिवासी झालात त्या वेळी तुमचा जो जोडीदार किंवा जे अवलंबित मूल तुमच्यासोबत आलं नाही आणि ज्याची तपासणीही झाली नाही, ते पुढे तुमच्या 'कुटुंबा'त मोडत नाही. तुम्ही कॅनडाचे नागरिक झालात, स्वतःचं घर घेतलंत, तरी त्या मुलाला कुटुंब म्हणून स्पॉन्सर करता येत नाही. मुदत संपून ही बंदी उठत नाही. 'तपासणी' या शब्दात इथे दोन गोष्टी आल्या: मूल आहे हे सांगणं, आणि त्याला डॉक्टरांपुढे उभं करणं. बावीस वर्षांखालचं, लग्न न झालेलं मूल अवलंबित धरतात. २०१४ ते २०१७ अशी तीन वर्षं ही मर्यादा एकोणीसवर आणली होती, मग परत बावीसवर नेली.

एवढा कडक नियम कशासाठी? याला उत्तर आहे, आणि ते अगदीच तकलादू नाही. नोकरी-कौशल्याच्या जोरावर येणाऱ्या अर्जदाराच्या घरात कोणी आजारी असेल आणि त्याचा सरकारी आरोग्यव्यवस्थेवर 'अवाजवी भार' पडणार असेल, तर अर्ज नाकारता येतो. पण एकदा स्थायिक झालेला माणूस आपल्या नवरा-बायकोला किंवा मुलांना बोलावतो तेव्हा ही भाराची अट त्यांना लागू नसते. म्हणजे आधी मूल लपवायचं, आत शिरायचं आणि मग मागच्या दारानं त्याला बोलवायचं, अशी वाट निघू शकते. ती बुजवायला सरकारनं सगळ्यांचा हिशेब पहिल्याच दारात मागितला.

या वाटेवरचा गाजलेला खटला फिलिपिन्समधून आलेल्या एका बाईचा, दे गुझमान यांचा. १९९३ मध्ये त्या कॅनडात उतरल्या तेव्हा त्यांनी आपण अविवाहित असल्याचं आणि एक मुलगी असल्याचं सांगितलं. मागे वडिलांकडे राहिलेले दोन मुलगे सांगितले नाहीत. पुढे नागरिकत्व मिळाल्यावर त्या मुलांना बोलावू पाहिलं तर दार बंद. २००५ मध्ये संघीय अपील न्यायालयानं नियम वैध ठरवला. तुम्ही खरं सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती, असा त्या निकालाचा साधारण सूर. कागदावर हे बरोबरच आहे. पण गप्प राहिली ती आई, आणि दाराबाहेर राहिली ती मुलं.

आपल्याकडे मूल लपवतात का? हा प्रश्न मी पुण्यात बऱ्याच जणांना विचारला. पहिलं उत्तर ठरलेलं: छे! मग चहा येतो, आणि चहा संपेपर्यंत कोणाच्या तरी आत्याच्या दिराची गोष्ट निघते. माझं मत असं झालं आहे की आपण मूल क्वचितच लपवतो. आपण ते 'सांगत नाही'. यात फरक आहे असं आपल्याला मनापासून वाटतं. व्हिसाच्या फॉर्मला तसं वाटत नाही.

दत्तकाचं उदाहरण घ्या. थोरल्या भावाला मूल नाही, म्हणून धाकट्यानं आपला दुसरा मुलगा त्याच्या मांडीवर दिला. बारशाला जमलेल्या सगळ्यांना माहीत. मुलगा काकूला आई म्हणतो. शाळेत मात्र जन्मदाखल्यावरचं नाव लागलं, कारण दत्तकपत्र करायचं राहून गेलं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात दत्तहोम सक्तीचा नाही, पण देणं-घेणं खरोखर झालेलं असावं लागतं. आणि दत्तकपत्र नोंदवलेलं असेल तर न्यायालय ते दत्तक वैध धरूनच चालतं. कॅनडाचा नियमही हे मानतो: तुमचं मूल दुसऱ्या कोणी कायदेशीर दत्तक घेतलं असेल, तर ते तुमचं अवलंबित मूल राहत नाही. पण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जायचं राहून गेलेलं असेल, तर तो मुलगा कागदावर धाकट्याचाच. धाकटा इंजिनियर कॅनडाच्या अर्जात 'एक मूल' लिहितो, तेही खोटं बोलायचं म्हणून नव्हे. घरात कोणी तसं म्हणतच नाही, म्हणून. वहिनींच्या समोर 'माझी दोन मुलं' असं लिहायचं तरी कसं?

दुसरी गोष्ट लग्नाची, आणि ही पुण्यात सर्वांत जास्त घडण्यासारखी. मुलगा एकटा आहे म्हणून अर्ज केला. वर्ष-दीड वर्षानं हातात कायमच्या वास्तव्याचं मंजुरीपत्र आलं. आईला वाटतं, एकदा गेला की तीन वर्षं यायचा नाही, जाण्याआधी बार उडवून टाकू. महिन्याभरात हॉल मिळतो, लग्न लागतं, सत्यनारायण होतो, आणि नवरदेव पुढच्या आठवड्यात टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उभा असतो. अधिकारी विचारतो: तुमच्या कौटुंबिक स्थितीत काही बदल? मुलगा दमलेला असतो, घाबरलेला असतो, शिवाय एजंटनं सांगितलेलं असतं की काही बोलू नका, बायकोला नंतर बोलावून घेता येतं. तो म्हणतो, नाही. त्या एका 'नाही'नं मागे हळद न उतरलेली बायको कुटुंबाबाहेर जाते. मंजुरीपत्र आणि विमानतळ यांच्या मधल्या काळात जन्मलेल्या बाळाचंही तेच. बदल झाला तर उतरण्याआधी कळवायचा, थांबायचं, नव्या माणसाची तपासणी होऊ द्यायची. यात काही महिने जातात. पण आपल्याकडे तिकीट काढून झालेलं असतं, आणि तिकीट रद्द करणं हे लग्न मोडण्याइतकंच अशुभ मानतात.

२०१९ च्या सप्टेंबरात कॅनडा सरकारनं यात थोडी ढील दिली आणि नंतर तिची मुदत वाढवत नेली. न सांगितलेल्या जवळच्या नातलगांना काही अटींवर बोलावता येऊ लागलं. पण ही सवलत निर्वासित म्हणून आलेल्यांना, आणि स्वतः जोडीदार किंवा मूल म्हणून स्पॉन्सर होऊन आलेल्यांना. पदवी, अनुभव आणि इंग्रजीच्या गुणांवर 'एक्सप्रेस एंट्री'तून गेलेला हिंजवडीचा इंजिनियर तिच्यात बसत नाही. त्याला एकच वाट उरते, मानवतेच्या आणि करुणेच्या आधारावर स्वतंत्र अर्ज. तिथे अधिकारी मुलाचं हित बघतो; पण बघितलं म्हणजे मंजूर केलं असं नाही.

जो माणूस खरं सांगतो त्याची वाट तरी सरळ असेल असं वाटेल. कराडच्या मुलीच्या बाबांनी खरं सांगितलं, आणि तिथून त्यांची धावपळ सुरू झाली. मुलगी सोबत येणार नसली तरी घरखर्चाला पुरेल एवढी शिल्लक दाखवताना तिलाही मोजायचं, म्हणून तिघांऐवजी चौघांचे पैसे. गुणांच्या तक्त्यात मुलाला गुण नाहीत. खर्चाच्या तक्त्यात मात्र मूल आहे. मग तपासणी. पूर्वी काही काळ अर्ज केल्यावर बोलावणं येई आणि मग तपासणीला जायचं. ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेस एंट्रीच्या अर्जासोबतच तपासणीचा पुरावा जोडावा लागतो. तपासणीला ओळखपत्र म्हणून रुग्णालयानं पासपोर्ट मागितला, आणि मुलीकडे पासपोर्ट नव्हता.

इथे आईचा संशय जागा झाला. "पासपोर्ट काढा म्हणाले तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला," ती मला म्हणाली. "म्हटलं, आज पासपोर्ट, उद्या व्हिसा, परवा पोरगी विमानात." तिनं कराडच्या वकिलांना विचारलं. वकिलांनी सही करू नका म्हणून सांगितलं. कशावर ते सांगितलं नाही. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात झालेल्या संमतीच्या अटींत दर महिन्याच्या दोन शनिवारी भेट, दिवाळीत तीन दिवस, शाळेची फी अर्धी अर्धी, असं सगळं होतं. परदेशाच्या तपासणीचा शब्द नव्हता. पुण्यातल्या एका वकीलबाई मला म्हणाल्या की आता नवरा आयटीतला असेल तर त्या ही ओळ आधीच घालून घेतात: दुसऱ्या पालकाच्या स्थलांतराच्या अर्जासाठी मुलाची तपासणी लागली तर ताबा असलेला पालक सहकार्य करील, आणि या तपासणीनं ताब्यात काही फरक पडणार नाही. दोन वाक्यं. ती नसली की चार महिने जातात.

अज्ञान मुलाचा पासपोर्ट काढताना दोघा पालकांची संमती 'अ‍ॅनेक्श्चर डी'वर लागते. एकाची नसेल तर दुसऱ्यानं 'अ‍ॅनेक्श्चर सी'वर कारण लिहून द्यायचं. इथे उलटंच झालं. संमती द्यायला बाप एका पायावर तयार आणि अर्ज करायचा आईला. शेवटी ती मुलीला घेऊन मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेली. हो म्हणायला तिला काय कारण झालं? बाबांनी तिला नियम मराठीत लिहून पाठवला होता, हातानं, दोन पानं. त्यात शेवटी होतं: "आत्ता तपासणी केली म्हणजे तिला न्यायचं असं नाही. आत्ता नाही केली तर ती अठरा वर्षांची झाल्यावर तिला स्वतःला यावंसं वाटलं तरी मला तिला मुलगी म्हणून बोलावता येणार नाही." ती पानं तिनं मला दाखवली. ती प्लास्टिकच्या फोल्डरात, ताब्याच्या हुकुमाच्या मागे होती.

आईच्या भीतीची दुसरी बाजू तिनं विचारली नव्हती, मी सांगितली. मुलीला काही आजार निघाला तर बाबांचा अर्ज फेटाळला जाईल का, आणि मग खापर हिच्यावर फुटेल का? तसं होत नाही. मुलाचा ताबा दुसऱ्या पालकाकडे असेल, तर त्या मुलाच्या आजारामुळे अर्जदाराला नाकारता येत नाही. तपासणी होते ती फक्त पुढचं दार उघडं राहावं म्हणून. हे ऐकून तिनं मुलीकडे पाहिलं. मुलगी तेव्हा पाणी पीत होती, तिसरा ग्लास. लघवी येत नव्हती.

ही सूट ताबा दुसरीकडे असलेल्या मुलांना आहे. आजी-आजोबांकडे ठेवलेल्या मुलाला नाही, आणि या नियमाचा सगळ्यात कठोर भाग इथे आहे. सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात मी तासभर बसले. थोरला मुलगा स्वमग्न, चौदा वर्षांचा. त्याची शाळा, त्याचे शिक्षक, त्याचा ठरलेला रस्ता आणि रस्त्यावरचं ठरलेलं दुकान, सगळं पुण्यात. त्याला उपटून नेणं त्याच्यावरच अन्याय होईल म्हणून आजी म्हणाली, तुम्ही धाकटीला घेऊन जा, हा माझ्याकडे राहील. शहाणपणाचा निर्णय. पण ताबा आईबापांचाच. म्हणून तो न जाणारा मुलगा आरोग्याच्या कसोटीला उतरला नाही, तर जाणाऱ्या तिघांचाही अर्ज जाईल.

२०१६ मध्ये टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या एका कोस्टा रिकन प्राध्यापकाला मुलाच्या डाउन सिंड्रोममुळे कायमचं वास्तव्य नाकारलं गेलं, ओरड झाल्यावर ते दिलं गेलं. पुढे जून २०१८ मध्ये त्या 'अवाजवी भारा'ची मर्यादा तिप्पट झाली, वर्षाला सुमारे ६,६०० डॉलरवरून सुमारे २०,००० डॉलर. आणि विशेष शिक्षणाचा खर्च हिशेबातून वगळला. सिंहगड रस्त्यावरच्या मुलाला हाच बदल तारू शकेल, कारण त्याचा खर्च औषधांचा नाही, शाळेचा आहे. वडिलांना हे माहीत नव्हतं. त्यांना एका सल्लागारानं सांगितलं होतं की मुलाचं नाव घालू नका, भानगड नको. नाव न घालणं म्हणजे खोटी माहिती. पकडलं गेलं तर पाच वर्षं बंदी, आणि नाही पकडलं गेलं तरी तो मुलगा कायमचा बाहेर. भानगड नको म्हणून सांगितलेला हा सल्ला! आजी आतून म्हणाली, "नाव का नाही घालायचं? त्याचं नाव आम्ही हौसेनं ठेवलंय."

ऑस्ट्रेलियाही असाच, काही बाबतींत जास्तच कडक. तिथल्या बऱ्याच कायमच्या व्हिशांना घरातला एक नापास तर सगळे नापास हे तत्त्व आहे, आणि न जाणाऱ्या कुटुंबीयांनाही साधारणपणे तपासणी चुकत नाही. २००८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या हॉर्शम या गावात डॉक्टर नाहीत म्हणून आलेल्या जर्मन डॉक्टरला मुलाच्या डाउन सिंड्रोमवरून नकार मिळाला. गाव रस्त्यावर उतरल्यावर मंत्र्यांनी तो फिरवला. २०२३ मध्ये पर्थमधल्या एका केरळी कुटुंबावर हीच पाळी आली, आणि तेही मंत्र्यांच्या दारातूनच आत आले. जुलै २०२४ मध्ये तिथली खर्चाची मर्यादा ५१,००० वरून ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. अमेरिकेचं वेगळं आहे. तिथे मागाहून येणाऱ्या मुलाची तपासणी ते येईल तेव्हा. मात्र भारतासारख्या क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशातून जाणाऱ्या दोन ते चौदा वर्षांच्या मुलांची क्षयासाठी रक्ततपासणी होते, आणि ती पॉझिटिव्ह आली की एक्स-रे.

क्षय हाच या सगळ्या तपासणीचा मूळ पुरुष. कॅनडाला अकराव्या वर्षापासून छातीचा फोटो लागतो, पाचव्यापासून लघवी, पंधराव्यापासून एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त. फोटोत डाग दिसला तर थुंकीची तपासणी, तिच्या कल्चरला काही आठवडे. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्याकडे, त्यामुळे लहानपणी प्रायमरी कॉम्प्लेक्स होऊन गेलेली माणसं प्रत्येक वाड्यात आहेत. तीस वर्षांपूर्वीचा बरा झालेला व्रण फोटोत दिसतो आणि अर्ज तिथेच खोळंबतो.

आणि मूल डॉक्टरांपर्यंत आणताच आलं नाही तर? आई तयार नाही, पत्ता बदलला, फोन बंद. अशा वेळी अधिकारी अर्ज लगेच फेटाळत नाहीत. खरोखरच हात टेकले आहेत असं दिसलं, तर अर्जदाराकडून एक निवेदन लिहून घेतात: या मुलाची तपासणी झालेली नाही, म्हणून पुढे मला त्याला कुटुंब म्हणून बोलावता येणार नाही, हे मला समजलं आहे. असं निवेदन केलेले औंधचे एक गृहस्थ मला भेटले. नोटरीपुढे सही करायला किती वेळ लागला, असं मी विचारलं. "दहा मिनिटं," ते म्हणाले. "त्यातली आठ रांगेत." मग बराच वेळ ते मोबाइलमधला फोटो शोधत राहिले. मुलगा त्यात पहिलीत होता. आता नववीत असेल.

साडेअकराला कराडच्या मुलीचा नंबर लागला. उंची, वजन, भिंतीवरची अक्षरं एक डोळा झाकून. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून खोल श्वास घ्यायला सांगितलं. घरात कोणाला खोकला? टीबी? ऑपरेशन? मुलगी प्रत्येक वेळी आईकडे बघून मग नाही म्हणत होती. घरात कोण कोण, या प्रश्नाला तिनं आई, आजी, मामा, मामी आणि मांजर अशी पाच नावं सांगितली. बाबा दाराशी उभे होते.

एक्स-रेच्या खोलीतून बाहेर आल्यावर तिनं फोटो मागितला. सायन्सच्या बाईंना दाखवायचा होता. तंत्रज्ञ म्हणाला, "फिल्म नसते गं आता, कॉम्प्युटरवरून थेट जातो."

"कुठं?"

"कॅनडाला."

"हं," मुलगी म्हणाली. "म्हणजे तो गेला."

एकदा झालेली तपासणी बारा महिने ग्राह्य धरतात. त्याच्या आत काम झालं नाही तर पुन्हा यावं लागू शकतं, हे काउंटरवरच्या बाईंनी सगळ्यांना सांगतात तसंच एका सुरात सांगितलं. "पुढच्या वेळी दसऱ्यानंतर या म्हणावं, सहामाही असते," आई म्हणाली, पुन्हा भिंतीकडे बघून. बाबांनी पैसे भरले. पावती त्यांच्या नावानं निघाली; आईनं तिची झेरॉक्स मागून घेतली आणि फोल्डरात घातली. स्वारगेटला सोडतो, असं ते म्हणाले. रिक्षानं जातो, असं ती म्हणाली. मुलीनं दोघांकडे बघितलं आणि विचारलं, आधी कुणीतरी मला वडापाव देणार आहे का?